केमोआधी केस घरच्या घरी कापायचे तर



दिवाळीनंतर आपल्या एका गटातल्या ताई सलग दोन बैठकांना आल्या नाहीत. बचत मात्र मुलीच्या हाती वेळेवर यायची, म्हणून कोणी फारसं विचारलं नाही. (हे आपलं चुकलंच. माझंही.) घरी गेले तेव्हा कळलं, स्तनाचा कॅन्सर निघालाय आणि पुढच्या आठवड्यात केमो सुरू होणार. गाठीचं, पैशाचं, जाण्यायेण्याचं त्या शांतपणे सांगत होत्या. रडू आलं ते वेणी हातात घेतल्यावर. "मॅडम, मालक जिवंत असताना माझ्या डोक्यावर केस नसणार. लोक काय म्हणतील?"

या बोलण्याला हसू नका. पूर्वी आपल्याकडे काही जातींत नवरा गेला की बाईचे केस काढत, तेही तिला न विचारता. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनीच एकत्र येऊन विधवांचं केशवपन करायला नकार दिला. ती चाल गेली, पण बाईने केस कापले की अशुभ, हे मनातून गेलेलं नाही. म्हणून ताईंना मी एवढंच म्हटलं, की तेव्हा कात्री दुसऱ्याच्या मर्जीने चालायची, आता तुम्ही सांगाल तेव्हा आणि सांगाल तेवढीच चालेल. त्या दोन दिवस काही बोलल्या नाहीत. मग मुलीला म्हणाल्या, "रविवारी कापू."

केमोच्या सगळ्याच औषधांनी केस जात नाहीत, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा. जाणार असतील तर बहुधा पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांनी गळायला लागतात. उशीवर, ताटात, अंघोळीच्या पाण्यात झुपकेच्या झुपके येतात. लांब केस असे गेलेले बघवत नाहीत. आधीच आखूड केलेले असले तर तो धक्का जरा कमी बसतो.

आता कापायचं कसं. केस आदल्या दिवशी धुवा, पूर्ण वाळू द्या, गुंता काढा. एका जाड वेणीवर कात्री चालत नाही, केस नुसते चावले जातात. म्हणून चार-पाच बारीक वेण्या घाला. प्रत्येकीला वर आणि शेवटी रबर लावा. वरचं रबर डोक्यापासून चार बोटं सोडून, आणि कात्री त्या रबराच्या वरच्या बाजूला, डोक्याकडे. म्हणजे वेणी सुटत नाही, कोणाला जपून ठेवायची असेल तर ठेवता येते. दुधाच्या पिशव्या कापायची कात्री नको. शिवणकामाची चांगली, पण शिवणवाल्या ताई ती देणार नाहीत, धार जाते म्हणतात, आणि खरंच जाते. चाळीस-पन्नास रुपयांची नवी घ्या. पुढचे केस आरशात बघून आपले आपण कापता येतात. मागचे दिसत नाहीत, तिथे मुलगी, जाऊ, कोणीतरी लागतंच. दोन बोटांत केस धरून फक्त टोकं कापत सरळ करायची. एकदम जास्त कापू नका, कमी करता येतं, वाढवता येत नाही.

अगदी बारीक करायचे असतील तर मुलाचा ट्रिमर चालतो, कंगवा लावून, आधी मोठ्या नंबरवर. वस्तरा किंवा ब्लेड मात्र डोक्याला लावू नका. केमोत अंगातली ताकद कमी होते, छोटीशी चीरसुद्धा पिकू शकते. पुढे डोक्याची कातडी हुळहुळी होते, तेव्हा उशीला मऊ सुती अभ्रा घाला, शेतात जाताना सुती रुमाल बांधा.

उपचार संपल्यावर थोड्याच महिन्यांत बहुतेकींना केस परत येतात. महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतात, म्हणजे पूर्वीची वेणी व्हायला वर्षं लागतात. सुरुवातीला कुरळे किंवा वेगळ्या रंगाचे येऊ शकतात, घाबरू नका.

ताईंनी चार वेण्या डब्यात ठेवल्यात. एक द्यायची होती केसांवर भांडी देणाऱ्या बाईला, पण मुलीने देऊ दिली नाही. पुढच्या बैठकीला त्या आल्या, डोक्यावर पदर घेऊन. हजेरी सुरू होताच त्यांनीच तो मागे सारला. "एकदाच काय ते बघून घ्या," म्हणाल्या, "मग हप्त्यांचं बोलू."