फोनचे दप्तर भरताना

मुलांनो,

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आपल्याच शाळेतल्या एका मुलीचे बाबा सोयाबीनच्या शेतात उभे होते. पिकाचा फोटो काढून ई-पीक पाहणीत नोंद करायची होती. मुदतीचा शेवटचा दिवस! बाबा ॲप घ्यायला गेले, तर फोनवर अक्षरे आली : जागा शिल्लक नाही.

"अगं, काय काय भरून ठेवलंय यात?" बाबांनी विचारले.

मुलीने पाहिले. शर्यतीचे चार खेळ, चेहरा उजळ दाखवणारे दोन कॅमेरे आणि टॉर्चचे एक ॲप. टॉर्च तर फोनमध्ये आधीपासून होतीच! दोघांनी बांधावर बसून एकेक ॲप काढले. अंधार पडायच्या आत नोंद झाली खरी. पण तोवर बाबांचा जीव टांगणीला लागला होता.

तुम्ही दप्तर कसे भरता? वेळापत्रक पाहून. सगळीच पुस्तके कोंबली तर पाठ दुखते आणि नेमकी हवी ती वही घरी राहते. फोनचेही तसेच आहे. ॲप म्हणजे एखादे काम करण्यासाठी फोनमध्ये घेतलेले अवजार. विळ्याने कोणी खड्डा खणत नाही. म्हणून आधी काम ठरवावे, मग अवजार शोधावे. पुष्कळ घरांत फोन एकच असतो. तो आईचा, बाबांचा आणि तुमचाही. तेव्हा विचार सगळ्यांचा हवा.

ॲप घेण्यापूर्वी हे पाच प्रश्न विचारा.

१. आपले काम कोणते? ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. तिच्यामुळे शेतकऱ्याला आपल्या पिकाची नोंद सातबाऱ्यावर स्वतः करता येते. ज्याच्याकडे शेती, त्याला हे ॲप हवेच. ज्याच्याकडे शेती नाही, त्याला ते कशाला? शेजाऱ्याने घेतले म्हणून आपण घ्यायचे, असे नको.

२. हे काम फोन आधीच करतो का? टॉर्च, गजर, हिशेबाचे यंत्र ही बहुतेक फोनमध्ये असतातच. पैसे पाठवायला यूपीआयचे एक ॲप पुरते. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयची रचनाच अशी आहे, की तुमचे ॲप एक आणि दुकानदाराचे दुसरे असले तरी पैसे पोहोचतात.

३. ॲप आपल्याकडे काय मागते? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' हे ॲप तयार केले आहे. आसपास विजा पडण्याचा धोका असेल तर ते इशारा देते. आपण कोठे आहोत हे त्याला कळलेच पाहिजे, नाहीतर इशारा देणार कसा? (इशारा मिळाला की झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा.) पण टॉर्चचे ॲप आपले ठिकाण आणि ओळखीच्या लोकांचे नंबर मागू लागले, तर समजा, काहीतरी पाणी मुरते आहे! उजेड पाडायला मामांचा नंबर कशाला हवा?

४. रेंज गेली तर चालेल का? डोंगराकडच्या वस्तीवर रेंज येते-जाते. बालभारतीची पुस्तके एकदा फोनमध्ये उतरवून घेतली, की ती रेंज नसतानाही वाचता येतात. व्हिडिओचे तसे नाही. तो आधी उतरवून ठेवला नसेल, तर मध्येच अडकतो.

५. ॲप कोणी बनवले आणि ते खरेच फुकट आहे का? सारख्या नावाची खोटी ॲपही असतात. बनवणाऱ्याचे नाव वाचा. कोणी मेसेजमध्ये पाठवलेले ॲप कधीही घेऊ नका. काही खेळ आधी फुकट असतात आणि पुढे पैसे मागतात. आणि एक गोष्ट घरी सर्वांना सांगा : यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही.

मग खेळ घ्यायचाच नाही का? घ्या की! एक आवडीचा ठेवा. चारांची गरज नाही. नाहीतरी आपण एका वेळी एकच खेळतो.

स्वाध्याय

(अ) घरातील फोनमधल्या ॲपची यादी मोठ्यांसोबत बसून करा. 'रोज लागते', 'कधीतरी लागते' आणि 'लागतच नाही' असे तीन रकाने पाडा. तिसऱ्या रकान्यातील ॲप काढण्यापूर्वी घरात विचारा.

(आ) एका खेळाने २००० एमबी जागा घेतली आहे. एका फोटोला ४ एमबी जागा लागते. खेळ काढला तर किती फोटो मावतील?

(इ) आजीला डोळ्यांनी कमी दिसते. तिच्यासाठी ॲप निवडताना आणखी कोणता प्रश्न विचाराल? उत्तर लिहून या भित्तिपत्रकाखालच्या पेटीत टाका.