कार्यालयातील कोलाहल, हेडफोन आणि साधकाचे मन

बेंगळुरूमध्ये व्हाइटफील्ड, इलेक्ट्रॉनिक्स सिटी किंवा आउटर रिंग रोड परिसरात नोकरी करणाऱ्या मराठी साधकांना एक अडचण रोज जाणवते. कार्यालय म्हणजे एक मोठा हॉल. भिंती नाहीत, दारे नाहीत, लांबच लांब टेबले. एकाची परदेशातील ग्राहकाशी कॉलवर चर्चा चालू असते, दुसरा मित्राशी क्रिकेटवर बोलत असतो, डोक्यावर एसीची घरघर असते. सकाळी साधना करून मिळवलेली शांती अकरा वाजेपर्यंत संपून जाते. मग हात आपोआप हेडफोनकडे जातो.

हेडफोन लावावा का? लावला तर त्यामागे कोणता भाव असावा? विषय लहान वाटतो. पण आपण दिवसाचे आठ-नऊ तास कार्यालयात घालवतो. तेवढा वेळ साधनेतून वजा करायचा का, हा खरा प्रश्न आहे.

१. मन कशामुळे विचलित होते?

बेंगळुरूच्या कार्यालयात कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी, इंग्रजी अशा अनेक भाषा एकाच वेळी कानांवर पडतात. बऱ्याचदा आपण त्या आवाजात काम करत राहतो. तेवढ्यात चार टेबले पलीकडे कुणीतरी हळू आवाजात एक वाक्य मराठीत बोलते आणि आपले कान टवकारतात! आवाज लहान होता, तरी मन तिकडे धावले. कारण त्यात ‘आपले’ काहीतरी होते. आपले नाव कुणी उच्चारले किंवा पगारवाढीचा विषय निघाला, तरी हेच घडते.

यावरून लक्षात येते की, अडथळ्याचे दोन भाग आहेत. एक भाग कानावर आदळणारा आवाज आणि दुसरा भाग त्या आवाजाला धरून ठेवणारे मन. पहिल्या भागावर हेडफोनचा उपाय आहे. दुसऱ्यावर साधनेचाच उपाय आहे.

२. हेडफोनची मर्यादा

आवाज कमी करणाऱ्या हेडफोनची कल्पना भारतीय वंशाचे अमेरिकी अभियंते अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचली. त्यातील मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या बरोबर उलट अशी ध्वनिलहर तयार करून तो आवाज पुसून टाकतो. विमानाचे इंजिन, एसी, पंखा असे एकसुरी, खालच्या पट्टीतील आवाज त्यामुळे पुष्कळ कमी होतात. माणसाचे बोलणे मात्र क्षणोक्षणी बदलते. ते पूर्णपणे पुसले जात नाही. म्हणजे जो आवाज मनाला सर्वांत जास्त ओढतो, त्याच्यापुढे हे यंत्र थोडे कमी पडते.

मग आपण ते बोलणे दाबण्यासाठी गाण्याचा आवाज वाढवत जातो. येथे सावध राहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. ९० डेसिबल असेल, तर ही मर्यादा केवळ ४ तासांवर येते. त्यामुळे आवाज यंत्राच्या कमाल पातळीच्या ६० टक्क्यांच्या आतच ठेवावा. शरीर हे साधनेचे साधन आहे. एका कोलाहलापासून सुटण्यासाठी कानांवर दुसरा कोलाहल लादणे योग्य नाही.

३. माऊलींनी सांगितलेली अभ्यासाची जागा

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माऊलींनी योगाभ्यासाच्या स्थानाचे सुंदर वर्णन केले आहे. ती जागा अशी असावी की, नुसती पाहताच वैराग्य दुणावे आणि विलासी माणसालाही राज्य सोडून तेथेच निवांत राहावेसे वाटावे. तेथे पोपटांचा आणि भुंग्यांचा गलबला नसावा. पण पुढे माऊली काय म्हणतात, ते लक्षात घेण्यासारखे आहे. पाण्याजवळ हंस असले, दोन-चार सारस असले, एखाद्या वेळी कोकिळा येऊन बसली, मोर अधूनमधून येत-जात राहिले, तरी त्याला त्यांची हरकत नाही.

म्हणजे साधनेच्या आदर्श जागेतही पूर्ण निःशब्दता अपेक्षित नाही. सततचा गलबला टाळावा, येणे-जाणे चालू द्यावे. कार्यालयात हाच विवेक लावता येतो. तासन्‌तास चालणाऱ्या गोंगाटात एकाग्रतेचे काम असेल, तर हेडफोन जरूर लावावा. त्यात कमीपणा नाही. पण कुणी हसले, कुणी खुर्ची सरकवली, कुणी दोन मिनिटे बोलले, तर तो आपल्या तळ्याकाठी आलेला मोर समजावा. तो येतो आणि जातो.

४. प्रत्याहाराच्या आधीच्या पायऱ्या

काही साधक म्हणतात, “कान बंद करणे हा प्रत्याहारच नाही का?” पतंजलींच्या अष्टांगयोगात प्रत्याहार पाचवा आहे. त्याच्या आधी यम येतात आणि यमांमध्ये पहिली अहिंसा आहे. इतरांशी आपले वागणे कसे आहे, हे आधी पाहिले जाते. इंद्रिये आत वळवण्याचे नंतर येते. शिवाय प्रत्याहारात चित्त शांत झाल्यामुळे इंद्रिये त्याच्या मागोमाग आत वळतात. कानावर झाकण ठेवले आणि आत चिडचिड चालूच राहिली, तर त्याला प्रत्याहार म्हणता येणार नाही.

समजा, नव्याने रुजू झालेला एक मुलगा शंका विचारायला आपल्या टेबलाशी येतो. आपल्या कानांवर हेडफोन आणि कपाळावर आठ्या पाहून तो परत जातो. दुसऱ्यांदा येतो, पुन्हा परत जातो. तिसऱ्यांदा तो येत नाही. आपल्याला यातले काहीच कळत नाही, कारण आपण ‘शांतीत’ असतो. कर्नाटकाच्या भूमीत बाराव्या शतकात बसवेश्वरांनी ‘कायक’ म्हणजे निष्ठेने केलेले काम हीच उपासना मानली. त्या दृष्टीने पाहिले, तर त्या मुलाला दिलेली पाच मिनिटे हीसुद्धा उपासनाच आहे.

५. हेडफोनवर नाम किंवा भजन ऐकावे का?

यांत्रिक कामाच्या वेळी मंद आवाजात नाम ऐकणे लाभदायक आहे. मात्र दिवसभर भजन चालू ठेवले आणि लक्ष संगणकावर असले, तर भजन एसीच्या घरघरीसारखे पार्श्वभूमीला जाते. पुढे सत्संगात तेच भजन ऐकतानाही मन जागे होत नाही. त्यापेक्षा कामाच्या वेळी काम करावे आणि दर तासाला एक मिनिट हेडफोन काढून मनात नाम घ्यावे. त्या मिनिटात आवाज येऊ द्यावेत.

६. या आठवड्याचा अभ्यास

अ. हेडफोन लावण्यापूर्वी स्वतःला विचारावे : ‘मला काम करायचे आहे की कुणाला तरी टाळायचे आहे?’

आ. एकाग्रतेच्या कामासाठी दिवसातील दोन ठराविक वेळा निवडाव्यात आणि त्या शेजाऱ्यांना सांगून ठेवाव्यात. उरलेल्या वेळेत कान मोकळे ठेवावेत.

इ. कुणाच्या मोठ्या बोलण्याचा खरोखर त्रास होत असेल, तर मनात राग साठवू नये. त्याला बाजूला घेऊन नम्रपणे आणि स्पष्टपणे सांगावे. न सांगता चिडणे हे सत्याला आणि अहिंसेला, दोन्हींना धरून नाही.

ई. कुणी टेबलाशी आले की, हेडफोन दोन्ही कानांवरून पूर्ण काढावा आणि त्याच्याकडे पाहून ऐकावे.

उ. कार्यालयातून निघाल्यावर रस्ता ओलांडताना किंवा वाहन चालवताना हेडफोन लावू नये.

ऊ. रात्री झोपण्यापूर्वी आठवावे : आज कोणत्या आवाजाने मन सर्वांत जास्त हलले? त्यात माझे काय गुंतले होते? ते वहीत एका ओळीत लिहावे.

सात दिवसांनी त्या सात ओळी एकत्र वाचाव्यात. त्यांत आवाजांपेक्षा आपल्या अपेक्षा, भीती आणि आवडीनिवडीच जास्त दिसतील. पुढच्या आठवड्याच्या साधनेचा विषय तेथेच मिळेल.

‘हे भगवंता, माझे काम एकाग्रतेने होऊ दे आणि ज्याला माझी गरज आहे, त्याची हाक मला ऐकू येऊ दे’, अशी प्रार्थना करून रोज कामाला आरंभ करूया.