सहाही भोकं बंद करा, मग बोला

जुन्या पिकोलोचं पार्सल आलं त्याच संध्याकाळी आमचं आयरिश संगीताचं सेशन होतं. डब्लिनमधल्या पबच्या त्या कोपऱ्यात फिडल, अकॉर्डियन आणि दोन बांजो सुरू झाले की माझी टिन व्हिसल खालच्या सप्तकात ऐकूच येत नाही. टायनसाइडच्या जॉन डूनन यांनी नाचणाऱ्यांसाठी वाजवलेला पिकोलो, म्हणजे छोटी आडवी बासरी, ऐकल्यापासून मलाही तसाच हवा होता: ऑर्केस्ट्रातला बोहम पद्धतीचा नव्हे, तर जुना लाकडी, उघड्या सहा भोकांचा. कट आणि रोल हे सुरांचे अलंकार त्यावर व्हिसलसारखेच बोटांखाली येतात.

डी स्वरातली रील सुरू झाली. मी पहिला स्वर लावला आणि फिडलवाल्या आजोबांनी कमान थांबवून माझ्याकडे पाहिलं. सगळे पांढरी दोनमध्ये, मी एकटी काळी दोनमध्ये! दिव्याखाली जाऊन छाप पाहिला. 'डी' होता. त्याच्या पुढे, कडीच्या अगदी काठाशी, फ्लॅटचं झिजलेलं चिन्ह होतं. डोळ्यांना जेमतेम दिसेल, पण नखाला लागेल असं. जाहिरातीच्या फोटोत नेमका तेवढाच भाग पलीकडे वळवलेला होता.

मी विचारलं नव्हतं असं नाही. "आयरिश सेशनसाठी हवाय, डीमधला आहे ना?" असं स्पष्ट लिहिलं होतं. इंग्लंडमधल्या त्या विक्रेत्याचं उत्तर आलं, "डी छापलंय, सुरेख वाजतो." रेकॉर्डिंग मागितलं तर म्हणे वेळ नाही, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय. नंतर तक्रार केली तेव्हा पलटला. म्हणाला, "काही लोक ई-फ्लॅटमध्येही सेशन करतात, तुम्ही वादक आहात, तुम्हाला कळायला हवं." तशी सेशन होतात हे खरं. पण मी काय मागितलं होतं? पैसे परत नाहीत. वर ब्रिटनहून माल आला म्हणून इथे व्हॅट भरला तो वेगळाच.

आता गोम सांगते. लष्करी बँडसाठी 'डी-फ्लॅट' पिकोलो भरपूर बनले. त्यांचं नाव सहाही भोकं बंद केल्यावर येणाऱ्या स्वरावरून पडलेलं नाही. तो स्वर नावाच्या एक पूर्ण स्वर वर, म्हणजे ई-फ्लॅट असतो. त्याच हिशेबाने 'सी' म्हणून विकला जाणारा जुना पिकोलो बहुधा आपल्या कामाचा निघतो. आपल्या बासरीचंही असंच आहे: तीन भोकं बंद करून 'सा', त्यावरून तिची पट्टी. सहाही बंद केली तर पंचम येतो. म्हणून नाव विचारूच नका. सहाही भोकं बंद करून वाजवताना ट्यूनरवर काय दिसतं, त्याचा व्हिडिओ मागा.

त्या व्हिडिओत ट्यूनर ए = ४४० हर्ट्झवर लावलेला हवा. जुनी इंग्रजी वाद्यं ४५२ च्या 'हाय पिच'ची असू शकतात. विक्रेता म्हणेल, डोकं थोडं बाहेर ओढा. मोठ्या बासरीत थोडंफार निभावतं. पिकोलोची नळी इतकी आखूड की सात-आठ मिलिमीटर ओढलं तर तोंडाजवळच्या भोकांचे स्वर जास्त उतरतात, खालचे कमी, आणि सगळी सुरावट वाकडी होते. धातूचं अस्तर असलेल्या लाकडी डोक्याला चीर आहे का तेही पाहा. लाकूड आकसतं, धातू आकसत नाही. उत्तर आयर्लंडच्या बँडमधल्या बी-फ्लॅट बासऱ्या स्वस्त मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. चाव्या नसल्या तरी अडत नाही. हस्तिदंताचं काही असेल तर देशाबाहेरून मागवूच नका. बाकी घाई करू नये, पावती जपावी, हे आहेच.

मी शेवटी इथल्याच एका कारागिराकडे बिनचाव्यांचा नवा पिकोलो सांगितला. चार महिने थांबले. जुना विकायला काढलाय. जाहिरातीत पहिलंच वाक्य लिहिलंय: सहाही भोकं बंद केल्यावर ई-फ्लॅट येतो, डीच्या सेशनला चालणार नाही.