टाचदुखी आणि दोन टाचण्या

दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला की खिडकीची तावदाने थरथरतात. हवेतून आलेला तो दाबाचा धक्का. अशाच धक्क्यांनी, म्हणजे आघात-तरंगांनी, डॉक्टर जुनाट टाचदुखीवर उपचार करतात. पण कातडीला इजा न होता हा धक्का आत पोहोचतो कसा?

एक प्रयोग करा. पुठ्ठ्यावर कागद ठेवून दोन टाचण्या थोड्या अंतरावर टोचा. दोऱ्याची टोके टाचण्यांना सैलसर बांधा. पेन्सिलीने दोरा ताणून धरा व पेन्सिल फिरवा. लंबवर्तुळ तयार होईल. टाचण्या म्हणजे त्याच्या दोन नाभी. दोऱ्याची लांबी बदलत नाही. म्हणून एका नाभीतून निघून काठाला स्पर्श करून दुसरीत जाणारी प्रत्येक वाट सारख्याच लांबीची!

एका प्रकारच्या उपकरणात याच आकाराची, पाण्याने भरलेली धातूची वाटी असते. पहिल्या नाभीत विजेची ठिणगी पाडतात. पाण्यात उठलेला तरंग वाटीवरून परावर्तित होतो आणि सर्व बाजूंनी एकाच क्षणी दुसऱ्या नाभीत येतो. ही नाभी दुखऱ्या जागी आणतात. कातडीतून जाताना तरंग पसरलेला असतो. जोर एकवटतो तो आत. शरीरात बराच भाग पाण्याचा, म्हणून तो सहज शिरतो. हवेपाशी मात्र अडतो. त्यासाठी कातडीला जेली लावतात. फुफ्फुसांवर हा उपचार करत नाहीत.

७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिक येथे या तरंगांनी प्रथमच एका रुग्णाचा मूतखडा फोडला गेला. यंत्र डॉर्निए या विमाने बनवणाऱ्या कंपनीचे होते. पुढे हे तरंग न जुळणाऱ्या हाडांवर, चुना साचलेल्या खांद्यावर आणि टाचेवर वापरले जाऊ लागले. टाचदुखीसाठी अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली.

टाचेत मात्र काही फोडायचे नसते. धक्क्यांमुळे तेथील पेशी चाळवतात व दुरुस्तीला लागतात, असे मानतात. ती नेमकी कशी होते, यावर अजून संशोधन चालू आहे. गुण यायला कित्येक आठवडे लागतात, आणि तो सर्वांनाच येतो असे नाही. म्हणून आधी विश्रांती, तळपाय ताणण्याचे व्यायाम आणि योग्य पादत्राणे हेच उपाय करतात.

आता सांगा पाहू: दोन्ही टाचण्या एकाच बिंदूत आणल्या तर कोणती आकृती होईल? तसल्या आकाराची वाटी या कामी का चालणार नाही?