नेसलेली साडी परत आली तर?

प्रश्न : मी एका शॉपिंग संकेतस्थळावर साड्या विकते. सणानंतर काही साड्या चक्क नेसून परत येतात. कारण दिलेले असते, 'सदोष माल'. काय करावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : इथे पुरावाच कामी येतो. पॅकिंग करताना साडी, टॅग आणि पार्सलचे लेबल एकाच सलग व्हिडिओत घ्या. टॅग पदरावर, सहज दिसेल असा लावा. तो न तोडता साडी नेसून मिरवता येत नाही. परत आलेले पार्सलही कॅमेऱ्यासमोरच उघडा. अत्तराचा वास व्हिडिओत येत नाही. म्हणून निऱ्यांच्या चुण्या, पिनेची भोके, काठाला लागलेली धूळ जवळून टिपा आणि संकेतस्थळाने दिलेल्या मुदतीत दावा दाखल करा.

मात्र 'परतावा नाही' असे सरसकट लिहू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार खरोखर सदोष माल बिलातील मुदतीत, मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घ्यावाच लागतो. वर्णनाशी न जुळणारा मालही नाकारता येत नाही. तेव्हा लांबी, ब्लाउजपीस आणि उजेडातला खरा रंग आधीच स्पष्ट द्या. प्रामाणिक तक्रारी घटल्या की लबाड ग्राहक लगेच ओळखू येतात.