अल्प भांडवल आणि लहान धंदा

कर्ज हा शब्द ऐकतांच आमच्या खेड्यांतील पुष्कळ वाचकांना सावकाराची वही आठवते, आणि तें साहजिकच आहे. परंतु धंद्यासाठीं गरिबांस मिळणारें लहानसें कर्ज हा निराळा विषय असून त्याचा नीट अभ्यास झाला पाहिजे.

१९७६ सालीं बांगलादेशांत चितगांवजवळच्या जोब्रा खेड्यांत महंमद युनूस या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना बांबूचीं स्टुलें करणारी एक बाई भेटली. बांबूपुरते पांच टके तिला व्यापारी देई, व तयार माल आपल्याच भावानें घेई. दिवसभर राबून तिच्या पदरीं पडत अवघे पन्नास पैसे! अशीं ४२ माणसें गांवांत निघालीं, आणि त्या सर्वांची मिळून गरज होती ८५६ टक्यांची. इतक्याशा रकमेपायीं बेचाळीस घरें दुसऱ्याच्या मुठींत होतीं. युनूस यांनीं ती रक्कम पदरची दिली, व त्या कामांतून १९८३ सालीं ग्रामीण बँक उभी राहिली. तिनें तारण मागितलें नाहीं. पांच जणींचा गट करावा, प्रथम दोघींना कर्ज द्यावें, त्यांचे हप्ते येऊं लागले म्हणजे पुढच्यांची पाळी, अशी तिची रीत होती. आपल्याकडे १९९२ सालीं नाबार्डनें ५०० बचतगट बँकांस जोडण्याचा प्रयोग आरंभिला. १९९७ सालीं सातारा जिल्ह्यांत म्हसवड येथें माणदेशी महिला बँक निघाली. तिच्या प्रवर्तक बायांपैकीं कित्येकींना लिहितां-वाचतां येत नाहीं म्हणून परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता. त्या शिकल्या आणि पुन्हा गेल्या.

पण अशा कर्जानें धंदा खरोखर वाढतो काय? अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो प्रभृति विद्वानांनीं हैदराबादेंतील १०४ वस्त्या घेऊन, निम्म्यांत आधीं कर्जाची सोय करून हें पाहिलें. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा कीं, धंद्यांतील गुंतवणूक वाढली, विशेषतः ज्यांचा धंदा पूर्वींच चालू होता त्यांची. परंतु घरखर्च व मुलांचें शिक्षण यांत ठळक फरक पडला नाहीं. आम्हांस याचें नवल वाटत नाहीं. भाजीवालीला दुसरी पाटी घेतां येते, पण तेवढ्यानें गिऱ्हाइकें दुप्पट होत नाहींत. शिवाय शेळी विकावयास महिने लागतात, आणि हप्ता तर लगेच सुरू होतो.

आतां व्याजाकडे वळूं. गांवांतील उपदेशकांनीं पुढील हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा. १०,००० रुपये १२ टक्क्यांनीं वर्षभर घेतले. व्याज १,२०० धरून ११,२०० रुपयांचे बारा समान हप्ते ठरविले. दर हप्त्यास मुद्दल घटत असतां व्याज मात्र सबंध रकमेवर आकारलें. वर्षभरांत सरासरीनें हातीं राहते निम्म्याहून थोडी अधिक रक्कम. म्हणून खरा दर सुमारें २१ ते २२ टक्के पडतो!

त्याहून मोठें संकट म्हणजे एक कर्ज फेडण्यासाठीं दुसरें काढणें. आंध्र प्रदेशांत अनेक बायांनीं एकाच वेळीं चार-चार ठिकाणांहून कर्जें घेतलीं, आणि वसुलीच्या जाचाच्या व आत्महत्यांच्या वार्ता आल्यावर ऑक्टोबर २०१० मध्यें सरकारला वटहुकूम काढावा लागला. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें घराच्या सर्व कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावेत, आणि कर्जाचें कार्ड कर्जदारास समजेल अशा भाषेंत द्यावें. कार्डावर अंगठा उठविण्यापूर्वीं तें कोणाकडून तरी मोठ्यानें वाचून घ्यावें.