नवा फिश टँक : आधी पाणी, मग मासोळ्या!

सुरुवातीलाच एक कबुली देते. आमच्या घरच्या चार गोल्डफिश माझ्या सल्ल्यामुळे मेल्या. आणि मी म्हणे घरातली इंजिनिअर!

त्याचं झालं असं. आमचं घर मुर्रीला, गोंदियाच्या अगदी जवळ. माझा लहान भाऊ आठवीत आहे. वाढदिवसाला बाबांनी त्याला दोन फुटी टँक घेऊन दिला. त्याच दिवशी सहा गोल्डफिश, रंगीत खडे, फिल्टर, सगळं आलं. संध्याकाळी नळाचं पाणी भरलं आणि मासोळ्या सोडल्या. तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं पांढुरकं झालं. पाचव्या दिवशी दोन मासोळ्या गेल्या. रात्री भावाचा होस्टेलवर फोन, "ताई, आता काय करू?" मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "सोप्पं आहे रे! सगळं पाणी फेक, खडे आणि फिल्टर साबणाशिवाय पण खसाखसा धू, नवं पाणी भर." पोरानं ताईचं सगळं ऐकलं. सकाळी उरलेल्या चारही मासोळ्या पालथ्या तरंगत होत्या. नंतर दोन दिवस तो माझ्याशी फोनवर बोलला नाही.

त्याच महिन्यात एन्व्हायर्न्मेंटल इंजिनिअरिंगच्या तासाला सरांनी 'नायट्रिफिकेशन' शिकवलं आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जे घडतं, तेच त्या काचेच्या पेटीत घडायला हवं होतं. ते घडायच्या आत आम्ही मासोळ्या सोडल्या आणि जे थोडं सुरू झालं होतं ते मी धुवायला लावलं! तुमच्या घरी किंवा स्टाफ क्वार्टरमध्ये कुणी नवा टँक घेणार असेल तर माझी चूक परत होऊ नये, म्हणून हा लेख. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे शुद्धलेखनाची हमी नाही. केमिस्ट्रीची आहे!)

पाण्यात नेमकं होतं काय?

मासोळी कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडते. शिवाय विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून आणखी अमोनिया होतो. हिशोब करून बघा. १ ग्रॅम खाद्यात ४० टक्के प्रोटीन धरलं, तर ते झालं ४०० मिलिग्रॅम. प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ६४ मिलिग्रॅम. त्यातला निम्मा जरी अमोनिया होऊन पाण्यात आला तरी ३२ मिलिग्रॅम. आमच्या टँकमध्ये ५० लिटर पाणी. म्हणजे रोज लिटरमागे ०.६४ मिलिग्रॅमची भर! पाच दिवसांत ३ मिलिग्रॅमच्या वर. आणि पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ असू शकतं, कारण अमोनियाला रंगच नाही.

हा अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम त्यामानाने निरुपद्रवी आणि मोकळा अमोनिया विषारी. कुठलं किती, हे पीएच आणि तापमानावर ठरतं. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर मोकळा अमोनिया अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पीएच ८ ला सुमारे ५ टक्के आणि ९ ला तब्बल ३६ टक्के. म्हणून एकच रीडिंग एका घरी चालून जातं आणि दुसऱ्या घरी मासोळ्या मारतं.

आता आपले बॅक्टेरिया. पहिला गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, मग पाण्यात ऑक्सिजन असूनही मासोळी गुदमरते. नायट्रेट मात्र बरंच सौम्य असतं, ते पाणी बदलून आणि पाणवनस्पती लावून काबूत राहतं. हे बॅक्टेरिया १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने वेगळे करून दाखवले. आपल्या पुस्तकांत नायट्राइटचं काम नायट्रोबॅक्टरच्या नावावर असतं, पण १९९८ मध्ये टँकच्या फिल्टरमध्ये प्रत्यक्षात नायट्रोस्पायरा हे काम करतात असं आढळलं. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकटाच करणारा नायट्रोस्पायरा सापडला. व्हायव्हामध्ये सांगून बघा, सर खूष!

हे बॅक्टेरिया पाण्यात फारसे नसतात. ते फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर चिकटून राहतात आणि फार सावकाश वाढतात. नव्या टँकमध्ये त्यांची वसाहत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशीचा पांढुरकेपणा वेगळ्याच बॅक्टेरियांचा होता. ते उरलेल्या खाद्यावर वाढतात आणि बहुतेक वेळा आपोआप ओसरतात. मी मात्र घाबरून स्पंजच धुवायला लावला. वर भरलेलं पाणी थेट नळाचं, क्लोरीनसकट. क्लोरीन आपल्याला जंतूंपासून वाचवतो, पण मासोळ्यांचे कल्ले जाळतो आणि हे कामाचे बॅक्टेरियाही मारतो.

दुसरा प्रयत्न : वहीसह

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा भावाला म्हटलं, "चल, परत करू. पण या वेळी मासोळ्या शेवटी." तो म्हणाला, "मासोळ्यांशिवाय टँक? लोक हसतील!" हसलेच. शेजारच्या काकू रोज विचारायच्या, "काय गं, पाणीच पाळलं का?"

आम्ही केलेल्या पायऱ्या अशा :

१) नळाचं पाणी पसरट टबात २४ तास उघडं ठेवलं, क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, म्हणजे हायपो, वापरतात. टाकीत नुकतीच ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर तेव्हा पाणी भरूच नका. बोअरचं पाणी असेल तर क्लोरीन नसतो, पण ऑक्सिजन कमी असू शकतो, म्हणून तेही एअर पंप लावून ठेवावं.

२) फिल्टर चोवीस तास चालू. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सुमारे ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. शिवाय ७.१४ ग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते, म्हणून फार मृदू पाण्यात पीएच घसरू शकतो. बोअरच्या पाण्यात सहसा अल्कलिनिटी भरपूर असते, ती इथे कामाला येते.

३) मासोळ्या नसताना रोज चिमूटभर खाद्य टाकलं. ते कुजून अमोनिया होतो, तेच बॅक्टेरियांचं जेवण. ओळखीत कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या स्पंजचा तुकडा आणा. विरजण लावल्यासारखं काम होतं.

४) दर दोन दिवसांनी टेस्ट किटने अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजून वहीत लिहिलं. मी होस्टेलला परत आल्यावर भाऊ रोज रात्री फोनवर रीडिंग सांगायचा. आधी अमोनिया चढला. तिसऱ्या आठवड्यात तो उतरला आणि नायट्राइट चढलं. साडेपाच आठवड्यांनी दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं. त्या रात्री तो फोनवर इतका ओरडला की माझ्या रूममेटलाही ऐकू गेलं!

५) मगच मासोळ्या, त्याही थोड्या. आधी चार गप्पी, दोन आठवड्यांनी आणखी तीन. ५० लिटरमध्ये सहा गोल्डफिश हे गणितच चुकीचं होतं. गोल्डफिश मोठी होते आणि घाणही खूप करते.

रोजची काळजी

दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य द्या. आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदला, आमच्याकडे ते साधारण १२ लिटर, म्हणजे एक बादलीही नाही. नवं पाणी त्याच तापमानाचं हवं. लक्षात ठेवा, २५ टक्के पाणी बदललं की ४ मिलिग्रॅमचे ३ होतात, शून्य नाही. म्हणून अडचणीत एकदम सगळं बदलण्याऐवजी थोडं थोडं, पण रोज बदलावं. स्पंज नळाखाली कधीच धुवू नका, टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा.

आपल्या भागातला उन्हाळा विसरू नका. २० अंशाला पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच. मे महिन्यात लाईट गेली की टँक आधी गुदमरतो. खाद्य बंद करा, मगाने पाणी वरून पुन्हा पुन्हा ओता किंवा बॅटरीवरचा एअर पंप ठेवा. आणि टँक नकोसा झाला तर मासोळ्या तलावात सोडू नका. टँकमधली सकरफिश अशीच बाहेर पडून पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत उपद्रव झाली आहे.

तलावावरून आठवलं. आपला जिल्हा तलावांचा. जुने मालगुजारी तलाव, आपण ज्यांना मामा तलाव म्हणतो, त्यांत कुणी फिल्टर लावलेला नाही. तिथे तेच बॅक्टेरिया गाळात आणि पाणवनस्पतींवर काम करतात. पण तिथेही माणसाने लक्ष द्यावंच लागतं. बेशरम माजली, वनस्पती गेल्या, की मासोळ्याही कमी होतात. म्हणून भंडारा-गोंदियातल्या ढिवर मच्छीमारांनी मनीष राजनकर यांच्यासारख्या अभ्यासकांसोबत बेशरम काढून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. आमच्या रिकाम्या टँकला हसणाऱ्यांना आबाजी एवढंच म्हणाले, "हसा लेकहो. तलाव का एका दिवसात होते?"

आता सात गप्पी आहेत, पिल्लंही झाली. वही अजून चालू आहे. पहिल्या पानावर भावाने मोठ्या अक्षरात लिहिलंय : 'ताईला विचारण्याआधी पाणी मोजा.'

तुम्हीही मोजा!

— तृतीय वर्ष, सिव्हिल